एसओपी कोणाच्या हातची?

ऑक्टोबर उजाडला की अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या किंवा नोकरीत एक-दोन वर्षे काढलेल्या हजारो मुलामुलींना एकाच कागदाची धास्ती लागते. परदेशी विद्यापीठाच्या एमएस किंवा पीएचडीच्या अर्जासोबत जोडायचे उद्देशपत्र, ज्याला सगळेच एसओपी म्हणतात. गुणपत्रिका ठरून गेलेली असते, टोफेल किंवा आयईएल्ट्स उरकलेली असते. अर्जात अजून बदलता येण्यासारखे काही उरले असेल तर ही दोन पाने. 'ओपन डोअर्स' या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतले १,९६,५६७ पदव्युत्तर अभ्यासक्रमांत होते. अशा जवळजवळ प्रत्येक अर्जदाराने अशी दोन पाने कधी ना कधी पाठवलेली असतात, आणि बहुतेकांची पाने दुसऱ्या कुणाच्या तरी हातून गेलेली असतात. तो दुसरा हात मोठ्या भावाचा असतो, कॉलेजातल्या मॅडमचा असतो, कन्सल्टन्सीतल्या अनोळखी माणसाचा असतो आणि अलीकडे चॅटजीपीटीचाही असतो. कुणी चुका दाखवतो, कुणी परिच्छेद हलवतो, कुणी सगळेच लिहून देतो. या सगळ्याला आपण सरसकट 'एसओपी बघून दिली' म्हणतो. सगळे एकाच नावाखाली जात असल्यामुळे ज्याने व्याकरण तपासून घेतले त्यालाही उगाच अपराधी वाटते, आणि ज्याने पैसे मोजून दुसऱ्याची पाने आपल्या नावावर पाठवली तोही निर्धास्त राहतो. माझे म्हणणे असे की एसओपीसाठी मदत घेण्यात गैर काही नाही, उलट ती प्रत्येकाला मिळायला हवी. गैर आहे ते आपण न केलेला विचार आपला म्हणून पाठवणे. या दोहोंतली सीमा वाटते तितकी धूसर नाही.

मदत घेणे हीच लबाडी, असे मानणारा एक सोवळा पक्ष आहे. खुद्द विद्यापीठे त्या पक्षात नाहीत. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलने अर्जदारांना दिलेल्या सूचनांत ही गोष्ट स्वच्छ मांडली आहे: पूर्ण झालेला अर्ज कुणी एकदोनदा वाचून राहून गेलेल्या गोष्टी आणि चुका दाखवाव्यात, दुरुस्त्या अर्जदाराने कराव्यात, आणि त्यानंतरही विचार, आवाज व शैली त्याचीच राहावी, अर्जाचा कोणताही भाग दुसऱ्याने घडवून देणे मात्र नियमभंग. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. तिथल्या सामाईक अर्जात उमेदवाराला लेखन आपलेच असल्याची ग्वाही द्यावी लागते, आणि त्याच ग्वाहीत मार्गदर्शक, मित्र किंवा एआय साधने यांची मदत विचार जुळवण्यासाठी, मुद्रितशोधनासाठी व संपादनासाठी घ्यायला मुभा आहे. एमआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र विभागात, स्टॅनफर्ड आणि वॉशिंग्टन विद्यापीठांच्या संगणकशास्त्र विभागांत तर तिथले पीएचडीचे विद्यार्थीच नव्या अर्जदारांच्या, विशेषतः ज्यांना घरातून-कॉलेजातून असे मार्गदर्शन मिळत नाही त्यांच्या एसओपी विनामूल्य वाचून अभिप्राय देतात. ज्या घरात प्रवेश मागायचा त्या घरातलीच माणसे अर्ज सुधारायला मदत करत असतील, तर मदत घेणे हा गुन्हा ठरू शकत नाही.

तरीही मदतीला सीमा का लागते, हे समजून घ्यायला मराठी प्रकाशनव्यवहाराकडे पाहणे उपयोगी पडेल. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी 'सत्यकथा' मासिकात आणि 'मौज'मध्ये लेखकांकडून कथा पुन्हा लिहून घेतल्या, शेवट बदलायला सुचवले, पानेच्या पाने काढायला लावली. त्या पुस्तकांना कुणी खोटी म्हणत नाही. कितीतरी आत्मकथनांच्या आतल्या पानावर 'शब्दांकन' असे छापून लिहिणाऱ्याचे नाव दिलेले असते. तिथेही फसवणूक नाही, कारण जगणे कोणाचे आणि वाक्ये कोणाची हे वाचकाला उघड सांगितलेले असते. पण पुस्तकाच्या बाबतीत वाचकाला हवे असते ते पुस्तक. ते चांगले झाले की संपादकाचे श्रम कारणी लागले. एसओपी वाचणाऱ्या प्राध्यापकाला चांगली एसओपी नकोच असते. वाचून झाल्यावर तो ती बाजूला ठेवणार असतो. त्याला हवा असतो तो माणूस, जो पुढची दोन किंवा पाच वर्षे त्याच्या प्रयोगशाळेत बसणार आहे, अडलेला प्रश्न सोडवणार आहे, शोधनिबंध लिहिणार आहे. ती दोन पाने म्हणजे त्या माणसाविषयीचा पुरावा. कथा संपादकाने सुधारली तर वाचकाचा लाभ होतो, आणि पुरावा दुसऱ्याने सुधारला तर वाचणारा फसतो. म्हणून पुस्तकाच्या संपादकाला जे स्वातंत्र्य असते ते एसओपीच्या संपादकाला असू शकत नाही.

मग पुरावा नेमका कशाचा? इंग्रजीचा नाही. इंग्रजी तपासायला टोफेल आहे, आयईएल्ट्स आहे, आणि ड्युओलिंगोच्या चाचणीत तर उमेदवाराच्या लेखनाचा आणि बोलण्याचा नमुनाही संस्थेला पाहायला मिळतो. भाषेची परीक्षा वेगळी होत असताना एसओपीतली चुकलेली आर्टिकल्स, काळ किंवा प्रिपोझिशन्स कुणी दुरुस्त केली तर कुणाची दिशाभूल होत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीने व्याकरण तपासून घेतले म्हणून तिला टोचणी लागायचे कारण नाही. एसओपीत परीक्षा होते ती वेगळ्या गोष्टींची. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, आतापर्यंत काय केले, त्यात काय जमले नाही, आता कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. म्हणजे निवड, क्रम, कारण आणि स्वतःच्या कामाकडे पाहण्याची नजर. तिथे दुसऱ्याचा हात चालला की पुरावा बनावट होतो.

यावर कुणी म्हणेल की भाषा आणि विचार असे वेगळे काढता येतात कुठे? ही शंका रास्त आहे आणि तिला बगल देता कामा नये. वाक्य नीट करता करता त्यातला विचारही नीट होतो, हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. समजा, लातूरकडच्या एका स्थापत्य अभियंत्याने लिहिले आहे की मला लहानपणापासून पाण्याच्या क्षेत्राची अतोनात आवड आहे आणि मला समाजासाठी काहीतरी करायचे आहे. असल्या वाक्याने कुणाचेच काही ठरत नाही. एक तपासनीस ते खोडून त्या जागी भूजल पुनर्भरण, हवामानबदल आणि शाश्वत विकास यांवर चार घोटीव वाक्ये लिहून देतो. दुसरा समासात फक्त प्रश्न लिहितो: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात किती विहिरींची पातळी मोजली होती? कोणत्या महिन्यांत? बेसॉल्टच्या खडकात अंदाज चुकला तो कशामुळे? सरांनी काय सुचवले आणि तू ते का केले नाहीस? मुलगा रात्री बसतो, जुनी वही काढतो आणि आपला अंदाज कुठे चुकला ते पहिल्यांदाच धड मांडतो. दोन्ही मसुदे मूळच्यापेक्षा सरस होतील. पण पहिल्यात सुधारणा कागदावर झाली, दुसऱ्यात मुलात झाली. अमेरिकी विद्यापीठांतल्या लेखन-केंद्रांची शिस्त याच धर्तीची आहे. स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ साली लेखन-केंद्रांवरच्या निबंधात असा आग्रह धरला होता की तिथे लक्ष समोरच्या मजकुरापेक्षा लिहिणाऱ्या माणसावर असावे. भाषा आणि विचार यांना वेगळे काढता आले नाही तरी, विचार कोणी केला हे सांगता येतेच. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. उद्या सकाळी त्या प्राध्यापकाने व्हिडिओ कॉल करून एसओपीतल्या कोणत्याही वाक्यावर बोट ठेवले आणि 'हे जरा समजावून सांग' म्हटले, तर अर्जदाराला दहा मिनिटे बोलता आले पाहिजे. जे वाक्य या परीक्षेत टिकत नाही ते कितीही सुंदर असले तरी त्याचे नाही.

लिहून घेतलेली एसओपी नीतीच्या दृष्टीने चूक आहेच, पण व्यवहाराच्या दृष्टीनेही ती वाईट असते. ब्रिटनमध्ये पदवीचे प्रवेश हाताळणाऱ्या 'यूकास'ने २००७ साली सुमारे ५०,००० निवेदने संगणकावर ताडून पाहिली, तेव्हा २३४ अर्जदारांनी आठव्या वर्षी रसायनांचा खेळ खेळताना पायजम्याला भोक पाडल्याची एकच आठवण सांगितल्याचे आढळले. ती कुठल्या तरी नमुन्यातून आली होती. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अँडरसन बिझनेस स्कूलने २०१२ सालच्या प्रवेशात उचलेगिरीमुळे ५२ अर्ज नाकारले. ही पकडली गेलेली उदाहरणे. न पकडले गेलेले नुकसान याहून मोठे आहे. एकाच कन्सल्टन्सीतून एकाच विद्यापीठाला पन्नास अर्ज जातात, पन्नासही जण लहानपणी घरातला रेडिओ उघडून बघणारे असतात आणि पन्नासही जणांना त्या विभागातल्या त्याच दोन प्राध्यापकांचे काम 'प्रेरणादायी' वाटते. अशा गठ्ठ्यात ज्या मुलीने खरोखर काही निराळे केलेले असते तिचेही वेगळेपण बुजून जाते. पैसे देऊन तिने आपलाच चेहरा पुसून घेतलेला असतो.

आता सगळ्यात जड आक्षेपाकडे. मदतीला मान्यता दिली की ज्याच्याकडे पैसा त्याचीच एसओपी चांगली होणार, मग गरिबाने काय करायचे? यात तथ्य आहे. 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात २०२१ साली आलेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आलेल्या सुमारे ६०,००० अर्जदारांचे २,४०,००० निबंध तपासले गेले. निबंधातल्या मजकुराचा घरच्या उत्पन्नाशी असलेला संबंध 'सॅट' परीक्षेच्या गुणांहूनही घट्ट निघाला. तो अभ्यास पदवीच्या अर्जांचा होता, पण पदव्युत्तर अर्जांना त्यातून सूट मिळेल असे मानायला आधार नाही. प्रश्न उरतो उपायाचा. मदतीवर बंदी घातली तर कन्सल्टन्सीची उघड मदत बंद होईलही, पण ज्याचे वडील बहुराष्ट्रीय कंपनीत अधिकारी आहेत, मावशी न्यू जर्सीत आहे आणि चुलतभाऊ पर्ड्यूत पीएचडी करतो आहे, त्याची मदत कोणत्या नियमाने बंद होणार? ती जेवणाच्या टेबलावर मिळते आणि तिची पावती नसते. बंदीने फक्त ज्याला अशी मावशी नाही त्याचे दार लागेल. विषमतेवर उतारा एकच, चांगली आणि प्रामाणिक मदत फुकट आणि मुबलक करणे. यवतमाळात उभी राहिलेली 'एकलव्य' संस्था हेच करते आहे. राजू केंद्रे आणि त्यांचे सहकारी पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्यांना परदेशी विद्यापीठांच्या आणि शिष्यवृत्त्यांच्या अर्जांसाठी तयार करतात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या ७५ विद्यार्थ्यांचा खर्च उचलते, पण त्या शिष्यवृत्तीपर्यंत पोचायला आधी प्रवेशाचे पत्र हातात लागते, आणि त्या पत्राच्या वाटेवर एसओपी आहे. वस्तीतल्या किंवा तांड्यावरच्या मुलाला त्या दोन पानांत काय अपेक्षित आहे हेच कुणी सांगितले नाही, तर सरकारने ठेवलेला पैसा त्याच्यापर्यंत पोचायचा कसा? त्याला ते सांगणे म्हणजे लबाडीला हातभार लावणे, असे ज्यांना वाटते त्यांनी त्याच्या जागी उभे राहून पाहावे.

दुसरा आक्षेप असा की सगळेच लिहून घेतात, मग एकट्याने सोवळे राहून नुकसान का करून घ्यायचे? याचे उत्तर देण्याआधी आपल्या कॉलेजांनी आरशात पाहायला हवे. शिफारसपत्र हे गुरूने विद्यार्थ्याविषयी द्यायचे मत. आपल्याकडे किती प्राध्यापक 'तूच लिहून आण, मी सही करतो' म्हणतात, हे परदेशी गेलेल्या कुणालाही विचारावे. चार वर्षे जर्नल उतरवून काढायची, प्रकल्प विकत मिळतो हे सगळ्यांना माहीत असायचे, आणि शेवटी गुरूच्या तोंडची स्तुती विद्यार्थ्याने स्वतःच टंकायची. ज्या विद्यार्थ्याला आपण लिहिणारा आणि सही करणारा वेगळा असू शकतो हे शिकवले, त्याने एसओपीच्या वेळी मात्र प्रामाणिक राहावे ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? यात दोष एकट्या मुलांचा नाही. तरीही 'सगळेच करतात' हे कारण टिकत नाही, कारण इथे फसवला जाणारा केवळ परदेशी प्राध्यापक नसतो. जागा मोजक्या असतात. लिहून घेतलेल्या एसओपीवर एकाला जागा मिळते तेव्हा स्वतः लिहिणाऱ्या दुसऱ्याची ती जाते, आणि तो दुसरा बऱ्याचदा त्याच कॉलेजातला, त्याच बाकावरचा असतो.

कन्सल्टन्सीच्या व्यवहाराबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातली अनेक विद्यापीठे प्रत्येक प्रवेशामागे एजंटांना कमिशन देतात. म्हणजे जो माणूस मुलाचा अर्ज लिहून देतो त्याचे उत्पन्न मुलाने विशिष्ट ठिकाणी जाण्यावर अवलंबून असू शकते. अशा माणसाच्या हाती आपल्या आयुष्याचा उद्देश लिहायला देणे धोक्याचे आहे. सगळे सल्लागार असे नसतात. प्रश्न विचारून मुलांकडूनच लिहून घेणारेही आहेत. पालकांनी फी विचारताना 'तुम्ही लिहून देता का' असे विचारावे आणि जो 'हो' म्हणेल त्याचा जिना उतरावा. मुंबईत अमेरिकी सरकारच्या 'एज्युकेशनयूएसए'चे केंद्र आहे, तिथे माहिती आणि सल्ला कमिशनशिवाय मिळतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि लिहून देणारा माणूस प्रत्येकाच्या खिशात आला. २०२३ च्या उन्हाळ्यात मिशिगन विद्यापीठाच्या लॉ स्कूलने अर्जासाठी एआय वापरायला मनाई केली, तर अॅरिझोना स्टेटच्या लॉ स्कूलने ग्वाहीसह परवानगी दिली. एकाच देशातल्या दोन नामांकित संस्थांत असा मतभेद असल्यावर पुण्यातल्या मुलाने काय समजायचे? पकडण्याची यंत्रे हा उपाय तर मुळीच नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली परदेशी विद्यार्थ्यांचे ९१ टोफेल निबंध सात शोधक-यंत्रणांना दिले, तेव्हा माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिल्याचा शेरा आला. मोजक्या शब्दसंग्रहात, साध्या वाक्यांत लिहिणारा माणूस त्या यंत्रणांना यंत्र वाटतो. म्हणजे संशयाचा पहिला फटका आपल्या मुलांनाच. ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये पदवी प्रवेशाच्या निबंधांना गुण देणेच थांबवले, त्यामागे एआय आणि भाड्याचे सल्लागार ही दोन्ही कारणे होती. मला वाटते, एआयच्या बाबतीत वेगळी नीती शोधण्याची गरज नाही. माणसाला जे करू द्यायचे नाही ते यंत्रालाही करू देऊ नये, आणि माणसाने केलेले जे चालते ते यंत्राने केलेलेही चालावे. त्याला व्याकरण तपासायला सांगा, कुठे समजत नाही ते विचारा. 'माझ्यासाठी एसओपी लिही' म्हणू नका.

उघडपणे मात्र हे सगळे व्हायला हवे. आज होते ते असे की मुलगा मदत घेतो आणि घेतलीच नाही असे दाखवतो. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची ही सवय त्याला विद्यापीठांनीच लावली आहे. 'हे सर्व लेखन माझे आहे' अशी सरसकट शपथ घ्यायला लावली की प्रामाणिक मुलगा अडखळतो आणि अप्रामाणिक मुलगा क्षणात खूण करून पुढे जातो. त्याऐवजी विद्यापीठांनी प्रत्येक अर्जदाराला दोन ओळींची जागा द्यावी: हा मजकूर कोणी वाचला, कोणत्या साधनाची मदत घेतली, कशासाठी. खरे सांगणाऱ्याचे यात नुकसान होईल, अशी भीती व्यक्त केली जाते. फक्त काहींनीच सांगितले तर होईलही. सर्वांना सक्तीने विचारले तर 'माझ्या प्राध्यापकांनी मसुदा वाचून प्रश्न विचारले' हे वाक्य उलट अर्जदाराच्या बाजूने बोलेल, कारण टीका ऐकून पुन्हा लिहिणे हे संशोधनाच्या कामातले रोजचे कौशल्य आहे. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश असतो आणि त्याने कुणाचा प्रबंध कमअस्सल ठरत नाही. खोटे बोलणारे तरीही बोलतील, हे खरे. पण आज खरे बोलण्याची सोयच नाही, ती तरी होईल.

परदेशी विद्यापीठांचे नियम आपल्या हातात नाहीत. आपल्या हातात आहे ते आपल्या कॉलेजांत करता येईल. सातव्या सत्राला आठवड्यातून एक तास, स्वतःच्या कामाविषयी दोन पाने लिहायची आणि वर्गात एकमेकांची वाचून प्रश्न विचारायचे. एवढे कोणत्याही विभागाला नव्या अनुदानाशिवाय जमण्यासारखे आहे. परदेशी न जाणाऱ्यालाही ते नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडेल. प्राध्यापकांनी शिफारसपत्रे स्वतः लिहावीत, आणि ज्या विद्यार्थ्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही त्याला तसे स्पष्ट सांगावे. आणि बोस्टन, म्युनिक, मेलबर्नला पोचलेल्या मराठी मुलामुलींना विनंती आहे की डिसेंबरच्या मुदतीपूर्वी आपल्या जुन्या कॉलेजातल्या, ओळख नसलेल्या दोघांच्या तरी एसओपी वाचायला मागून घ्या. समासात प्रश्न लिहा, वाक्ये लिहू नका, आणि त्याचे पैसे घेऊ नका.